शाहूपुरीत एल्डन प्रूइट

पूर ओसरला त्या आठवड्यात
इस्माईल अत्तार हातगाडीवरून घेऊन आला
एक पत्र्याची ट्रंक. आत चिखल,
चिखलात भजनांची इंग्रजी पुस्तकं, पावासारखी फुगलेली,
आणि तळाला, मेणकापडात, ही वही.
"मिशन बंगल्यातली हाय. किलोवर देऊ का नगावर?"
मी म्हटलं, नगावर. ऐंशी रुपये.

माझा धंदा बाइंडिंगचा.
गुळाच्या अडत्यांच्या खतावण्या, तालमीची पावतीबुकं,
बारावीच्या पोरांची जर्नलं.
वडील गेले तेव्हा दाभण, सरस आणि शिकंजा माझ्याकडे आला.
इंग्रजी आलं नाही.
तरी दोनशे अकरा पानं सुटी केली,
दोरीवर चिमटे लावून वाळत घातली
आणि भाचीला म्हटलं, वाच.

एल्डन प्रूइट. बफेलो. अठराशे सत्त्याण्णव.
ती फिसकन हसली :
"आत्या, ह्याच्या गावाचं नावच म्हैस!"
पुढं मात्र म्हशीसारखं काही नव्हतं.
एक माणूस दिवसभर पडदे ओढून झोपतो,
हिरवी दारू पितो,
मेलेल्या मोराला अत्तर चोळतो,
आणि पूर्वेकडच्या एका शहराची स्वप्नं बघतो
जिथं सगळं सुंदर आहे
कारण सगळं सडत चाललंय.

पूर्वेकडचं म्हणजे आमचंच की काय?
बाहेर जेसीबी गाळ उपसत होता.
आठ दिवस मी सडण्याच्या वासात जेवत होते,
सुंदर म्हणावं असं
काही ताटात आलं नव्हतं.

विद्यापीठातले सर आले, हातमोजे घालून.
म्हणाले, एकच पुस्तक छापलं यानं, साठ प्रती,
निम्म्या स्वतःच विकत घेतल्या.
चौतिसाव्या वर्षी गेला. कुणाच्या यादीत नाही.
बहीण इथं मुलींच्या शाळेवर होती, मिस प्रूइट.
भावाचं लिखाण तिला जाळवलं नाही,
वाचवलंही नाही.
(हा शब्द आपल्याकडं दोन्ही अंगांनी चालतो.
सरांनी कुठल्या अंगानं वापरला, मी विचारलं नाही.)

जांभळ्या शाईनं लिहायचा बाबा.
पाणी लागलं आणि शाई फुटली,
अर्धी वाक्यं ढगात गेली.
टिकली ती फक्त समासातली शिसपेन्सिल,
बारीक, वळवळती.
सर म्हणाले, कसर लागलीय.
मी म्हटलं, मोडी आहे ती.
आजोबांच्या काळातल्या खतावण्या मी उसवल्यात.

अभिलेखागारातनं रिटायर झालेले तातोबा कुरुंदवाडे
भिंग लावून वाचू लागले :
"निशिगंध कुजला तरी असा वास येत नाही."
"मोर याने चित्रातच पाहिला असावा."
"हा गृहस्थ उन्हात कधी बसलेला दिसत नाही.
मिसबाईंस विचारावे, प्रकृती कशी असे."
नाव नाही, सही नाही.
बाईंना मराठी शिकवायला येणारे पंतोजी असतील.
तिला वाचवेना, म्हणून यांच्या हाती दिली असेल.
साता समुद्रांपलीकडून आलेल्या वहीला
एक वाचक मिळाला,
तोही चुका काढणारा.

शेवटचं पान तातोबांनी दोनदा वाचलं :
"समाप्त. मनुष्य वाईट नव्हे.
यास धारोष्ण दूध पाजावयास हवे होते."

त्या रात्री गंगावेशीत गेले.
कट्ट्यावर म्हशी पुन्हा उभ्या होत्या,
पोटापर्यंत पुराची रेघ अजून दिसत असलेल्या.
फेसाचा पेला हातात धरून
मी बफेलोच्या दिशेला बघितलं.
कुठली दिशा ती, ठाऊक नाही.
वडणग्याकडं तोंड केलं.

आता शिवतेय.
त्याला म्हणे सापाची कातडी हवी होती, मोती हवे होते.
माझ्याकडं लाल खारवा आहे, अडत्यांचा.
खतावणीची कड मी मशीनवर सरळ कापते.
हिची कापली नाही.
वेडीवाकडी राहिली तर राहू दे,
समासात माणूस आहे.

अत्तारचे ऐंशी रुपये अजून द्यायचेत.